प्राण्यांसोबत काम करणाऱ्यांनी धंद्याचा विमा निवडताना नेमकं काय बघावं?

पायखुणा

ग्रूमिंग (आंघोळ, केस-नखं कापणं), बोर्डिंग (प्राणी आपल्याकडे राहायला ठेवून घेणं), कुत्र्यांना फिरवून आणणं, ट्रेनिंग, पालक बाहेरगावी असताना त्यांच्या घरी जाऊन मांजराचं खाणंपिणं बघणं... यातलं काहीही पैसे घेऊन करणाऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. मी स्वतः ग्रूमिंग करते, जोडीला छोटं बोर्डिंग आहे. नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींशी बोलताना सारखं जाणवतं की विमा म्हटलं की पहिला प्रश्न हप्त्याचा असतो, आणि पॉलिसीत काय नाही हे कुणी विचारतच नाही.

दुकानदाराला देतात तीच साधी दायित्वाची पॉलिसी आपल्यालाही सहज मिळते. तिसऱ्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं तर भरपाई, असं तिचं स्वरूप. पण तिच्या अपवादांच्या यादीत बहुतेक वेळा एक वाक्य असतं: विमाधारकाच्या ताब्यात, देखरेखीखाली किंवा नियंत्रणात असलेल्या मालमत्तेचं नुकसान यात येणार नाही. आता बहुतेक ठिकाणी कायद्याच्या नजरेत कुत्रा-मांजर ही मालमत्ताच. म्हणजे माझ्या टेबलावरचा कुत्रा बाजूला उभ्या असलेल्या बाईंना चावला, तर पॉलिसी उभी राहील. तोच कुत्रा टेबलावरून पडून त्याचा पाय मोडला, तर नाही. ज्या जिवासाठी आपण दिवसभर राबतो नेमका तोच बाहेर राहिला.

म्हणून सगळ्यात आधी विचारायचं ते हे: माझ्या ताब्यात असलेल्या प्राण्याला इजा झाली, तो आजारी पडला, हरवला, दगावला, तर ही पॉलिसी काय देते? उत्तर तोंडी घेऊ नका. पॉलिसीतलं कलम दाखवायला सांगा. काही कंपन्या हे वेगळं कलम जोडून देतात, काही प्राण्यांसोबत काम करणाऱ्यांसाठीच्या खास पॉलिसीत आधीच घालतात. कलम असलं तरी त्याची पोटमर्यादा बघायची. मुख्य रक्कम भलीमोठी छापलेली असते आणि ताब्यातल्या प्राण्यासाठीची रक्कम आत कुठेतरी, तिच्या मानाने अगदीच लहान.

मी एक पद्धत वापरते. प्राणी माझ्याकडे येतो तिथपासून परत जाईपर्यंतचा त्याचा प्रवास कागदावर लिहायचा. दारातून आत, वजन, नखं, आंघोळ, ड्रायर, कात्री, पिंजऱ्यात वाट बघणं, पालकाच्या हातात देणं. प्रत्येक ठिकाणी काय बिघडू शकतं ते पुढे लिहायचं, आणि मग पॉलिसी घेऊन एकेका ओळीशी जुळवायची. जिथे जुळत नाही तिथे प्रश्न. आपापल्या कामातले अनुभव इथे लिहा, सगळ्यांनाच उपयोग होईल.

रानजाई

पायखुणाताई, फार गरजेचा धागा. मी अजून पूर्णवेळ करत नाही. ओळखीतल्यांचे कुत्रे सांभाळते, बऱ्याचदा पैसेही घेत नाही. एक फॉर्म बनवला आहे, त्यात 'काही झाल्यास सांभाळणारी व्यक्ती जबाबदार राहणार नाही' असं लिहून सही घेते. मला विम्याची गरज आहे का?

जुना_सर्व्हेअर

रानजाई, मी बरीच वर्षं दाव्यांची पाहणी केली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फुकट सांभाळलं म्हणून जबाबदारी संपत नाही. हा मुद्दा फार जुना आहे. १७०३ साली इंग्लंडमध्ये कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड हा खटला झाला. बर्नार्डने ब्रँडीची पिंपं एका तळघरातून दुसऱ्या तळघरात नेऊन देण्याचं काम एक पैसा न घेता अंगावर घेतलं. नेताना हलगर्जीपणा झाला, पिंप फुटलं, ब्रँडी सांडली. न्यायालयाने त्याला जबाबदार धरलं. मोबदला घेतला नसला तरी दुसऱ्याची वस्तू हातात घेतल्यावर ती नीट सांभाळण्याचं कर्तव्य येतं, असा त्या निकालाचा अर्थ. सरन्यायाधीश होल्ट यांनी दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेण्याचे सहा प्रकार त्या निकालात मांडले. इंग्रजी कायद्याच्या परंपरेतल्या देशांत आजही या विषयाची सुरुवात तिथूनच होते. पिंपाच्या जागी लॅब्राडोर ठेवा, कर्तव्य तेच राहतं.

फॉर्मबद्दल. फॉर्म जरूर घ्या. औषधं, ॲलर्जी, आधी कुणाला चावलाय का, तातडीच्या वेळी कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, किती खर्चापर्यंत न विचारता उपचार करायचे, हे सगळं त्यात लिहून घ्या. पण 'मी जबाबदार नाही' या वाक्यावर विसंबू नका. हलगर्जीपणा सिद्ध झाला तर असं वाक्य कितपत टिकेल हे देशागणिक बदलतं, आणि गंभीर हलगर्जीपणा असेल तर बऱ्याच ठिकाणी ते टिकतच नाही. शिवाय ती सही पालकाची असते. तुमच्याकडच्या कुत्र्याने रस्त्यावरच्या मुलाला ओरबाडलं तर त्या मुलाच्या आईवडिलांनी कुठे सही केलेली असते?

आता ताब्यातल्या प्राण्याच्या कलमात मी सगळ्यात आधी जे बघेन ते सांगतो. भरपाई कशाच्या हिशेबाने? बाजारभावाने की उपचारांच्या खर्चाने? रस्त्यावरून उचलून आणलेल्या, घरात जीव की प्राण असलेल्या कुत्र्याचा बाजारभाव जवळजवळ शून्य. पण त्याच्या मोडलेल्या मांडीच्या शस्त्रक्रियेचं बिल उत्तम जातीच्या कुत्र्याइतकंच येतं. कलमात फक्त 'प्राण्याचं मूल्य' असेल आणि 'पशुवैद्यकीय खर्च' हे शब्द नसतील, तर ज्या प्रसंगासाठी विमा घेतला त्याच प्रसंगी हातात फार काही पडणार नाही. हे शब्द शोधा, नसतील तर मागून घ्या.

शेपटीवाला

मी वॉकर आहे, रोज सकाळ-संध्याकाळ कुत्र्यांच्या फेऱ्या. आमच्या कामात 'प्राण्याचा प्रवास' रस्त्यावर होतो, त्यामुळे अटी वेगळ्या. एका वेळी किती कुत्रे न्यायचे याची मर्यादा बऱ्याच पॉलिसींमध्ये लिहिलेली असते. ती चारची असेल आणि पाचवा पट्टा हातात असताना काही झालं, तर चावणारा कुत्रा पहिल्या चारांपैकी होता हे सांगून उपयोग होत नाही. पट्टा सोडून मोकळं धावू देण्याबद्दलही असंच. काही ठिकाणी पालकाची लेखी परवानगी असली तर चालतं, काही ठिकाणी अजिबात नाही.

दुसरं म्हणजे हरवणं. इजा आणि मृत्यू यांचा उल्लेख असतो, पण फटाक्याच्या आवाजाने बिथरून पट्ट्यातून मान काढून पळालेला कुत्रा कशात बसतो? शोधासाठी जाहिरात, बक्षीस, माणसं लावणं याचा खर्च काही पॉलिसी वेगळा देतात. विचारून घ्या. बाकी माझं स्वतःचं म्हणाल तर पट्टा आणि हार्नेस अशी दोन ठिकाणी कडी लावल्याशिवाय मी दाराबाहेर पाऊल टाकत नाही.

आणि किल्ल्या. माझ्याकडे बऱ्याच घरांच्या किल्ल्या असतात. किल्ली हरवली तर कुलूप बदलण्याचा खर्च, सोसायटीचं मुख्य दार असेल तर आणखी मोठा. किल्ल्यांचं कलम स्वस्तात मिळतं, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. किल्लीवर पत्ता कधीच लिहू नये, कुत्र्याचं नावही नको. नुसता नंबर, आणि नंबरांची वही वेगळ्या जागी.

एक मुद्दा मात्र वेगळा मांडतो. हप्ता परवडत नसेल तर प्रत्येक दाव्यात सुरुवातीची स्वतः सोसायची रक्कम जास्त ठेवून हप्ता कमी करून घ्यावा असं माझं मत. लहानसहान खर्च आपण भागवू शकतो.

पायखुणा

शेपटीवालादादा, वॉकिंगसाठी तुमचं म्हणणं पटतं. ग्रूमिंगला ते लागू करताना मी दहा वेळा विचार करेन. आमच्याकडे मोठे अपघात क्वचित होतात, पण मधल्या आकाराचे प्रसंग येत राहतात. स्वतः सोसायची रक्कम जास्त असेल तर हे सगळेच प्रसंग तिच्याखाली येतात आणि पॉलिसी असून नसल्यासारखी होते.

एक उदाहरण देते. लांब कानांचे कुत्रे, स्पॅनिएल वगैरे, बरेच दिवस विंचरलेले नसले की कानावरचे केस नमद्यासारखे घट्ट होतात. ती गुठळी कानाला आवळून धरते. मशीनने ती काढली की दाबलेल्या भागात रक्त एकदम धावतं, कान हुळहुळतो, आणि कुत्रा जोरात मान झटकू लागतो. झटकून झटकून कानाच्या पाळीच्या आत रक्तवाहिनी फुटते आणि पाळी उशीसारखी फुगते. बऱ्याचदा घरी गेल्यावर, संध्याकाळी. पालकाला वाटतं ग्रूमरने कान कापला. मशीनचं पातं चुकलेलं नसतं, कात्री लागलेली नसते, तरी डॉक्टरचं बिल असतं आणि समोर रडवेला झालेला माणूस असतो.

इथे दायित्वाचं साधं कलम अडतं, कारण ते चूक सिद्ध झाल्यावरच पैसे देतं. चूक नाही म्हणून कंपनी देत नाही, आणि पालक म्हणतो तुमच्याकडे सोडला तेव्हा ठीक होता. म्हणून मी 'चूक कुणाचीही असो, ताब्यात असताना किंवा कामामुळे झालेल्या इजेचा पशुवैद्यकीय खर्च' असं कलम असलेली पॉलिसी निवडते. रक्कम मोठी नसते, पण त्याच दिवशी उपचार सुरू होतात आणि भांडण होत नाही. पालकाशी असलेलं नातं टिकतं, आणि माझ्या मते ग्रूमरसाठी त्याचं मोल फार मोठं आहे.

गुठळ्या असलेला प्राणी आला की काम सुरू करण्याआधी मी फोटो काढते, कानाच्या आतले, काखेतले, पोटाखालचे. पालकासमोर दाखवते, मान झटकेल, कान फुगू शकतो, हे सांगते आणि तसं लिहून सही घेते. कान काम झाल्यावर थोडा वेळ मऊ पट्टीने डोक्याला धरून ठेवते. मांजरांच्या बाबतीत तर गुठळीला कात्री लावायचीच नाही, कातडी इतकी पातळ असते की केसांसोबत वर उचलली जाते आणि कात्रीत येते.

ड्रायरबद्दलही विचारा. बंद पिंजऱ्यात गरम हवेखाली ठेवलेला चपट्या नाकाचा कुत्रा फार लवकर तापतो. पग, बुलडॉग यांना धापा टाकून अंग थंड करणं मुळातच कठीण जातं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास, ते ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. काही पॉलिसींमध्ये पिंजरा-ड्रायर लावून माणूस नसेल तर भरपाई नाही अशी अट असते. पॉलिसीत अट नसली तरी हे पाळाच.

शिस्तप्रिय

ट्रेनर म्हणून भर घालतो. आमच्या कामात कुत्रा आमच्या ताब्यात नसतानाच जास्त धोका. मी सांगितलं, 'हा आता पाहुण्यांसमोर मोकळा ठेवायला हरकत नाही', आणि आठवड्याने तो पाहुण्याला चावला. त्या क्षणी मी तिथे नव्हतो, पट्टा माझ्या हातात नव्हता. तक्रार माझ्या सल्ल्याविरुद्ध आहे. साधी दायित्वाची पॉलिसी सल्ल्यातून झालेलं नुकसान बहुधा वगळते. त्यासाठी व्यावसायिक सल्ल्याचा वेगळा विमा लागतो. वर्तनाच्या तक्रारींवर काम करणाऱ्यांनी, खास करून चावऱ्या कुत्र्यांवर, तो घेतलाच पाहिजे.

या विम्यात एक खाचखळगा आहे. काही पॉलिसी 'घटना कधी घडली' ते बघतात आणि काही 'दावा कधी आला' ते. दुसऱ्या प्रकारात दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, आणि सल्ला दिलेली तारीख पॉलिसीत लिहिलेल्या मागच्या तारखेनंतरची असावी लागते. कंपनी बदलताना ती मागची तारीख नव्या पॉलिसीत तशीच पुढे न्यायला सांगायचं. नाही नेली तर मधल्या सगळ्या वर्षांचं काम उघडं पडतं. काम बंद करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, कारण दावा धंदा बंद केल्यावरही येऊ शकतो. त्यासाठी पुढच्या काही वर्षांपुरती मुदतवाढ विकत मिळते.

पोलीस कुत्र्यासारखं संरक्षणाचं ट्रेनिंग, म्हणजे बाही पकडायला शिकवणं वगैरे, अनेक पॉलिसींत सरळ वगळलेलं असतं. करत असाल तर आधी सांगा.

मनीमाऊ_घर

माझ्याकडे फक्त मांजरांचं बोर्डिंग. दोन गोष्टी.

संसर्ग. एक मांजर शिंकत आलं आणि चार आजारी पडली, तर? संसर्गजन्य रोगांचा अपवाद पॉलिसीत आहे का बघा. कुत्र्यांच्या बोर्डिंगवाल्यांनी तर बघाच. पार्व्हो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर कित्येक महिने टिकतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाही, त्याला ब्लीच लागतं. लसीचे कागद घेतल्याशिवाय प्रवेश नाही ही अट पॉलिसीत असेल तर ती प्रत्येक प्राण्याला लागू, ओळखीच्यांच्यासुद्धा. मी लसीच्या कागदाचा फोटो तारखेसकट ठेवते.

दुसरं, औषधं. गोळी देणं, डोळ्यांत थेंब घालणं बहुधा चालतं. इन्सुलिनचं इंजेक्शन, सलाईन यांचं विचारून लेखी उत्तर घ्या. डॉक्टरने लिहून दिलेलं औषध पालकाच्या सांगण्यावरून देणं वेगळं आणि स्वतःच्या अंदाजाने देणं वेगळं. यातल्या दुसऱ्या प्रकाराला कुठलीच पॉलिसी हात देणार नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार. अजून दोन शंका. एक कुत्रा येतो, तो आधी एकदा शेजाऱ्याला चावलेला आहे, माझ्याकडे मात्र अगदी शहाण्यासारखा वागतो. हे कंपनीला सांगायचं का? हप्ता वाढेल म्हणून भीती वाटते. आणि मी घरीच सांभाळते, घराचा विमा आहे. त्यात हे येत नाही का?

जुना_सर्व्हेअर

आधी घराचं. घरगुती विमा घरात चालणारा धंदा बहुधा वगळतो. त्याहून गंभीर म्हणजे, घरातून धंदा चालतो हे सांगितलेलं नसेल तर धंद्याशी संबंध नसलेला दावाही अडकू शकतो. गाडीचंही तसंच. पालकाच्या घरून कुत्रा आणायला पैसे घेत असाल तर तो व्यावसायिक वापर झाला. खासगी वापराची गाडीची पॉलिसी त्याला पुरत नाही, आणि गाडीतल्या प्राण्याला झालेली इजा गाडीच्या विम्यात बहुधा येत नाही, ती ताब्यातल्या प्राण्याच्या कलमातच शोधावी लागते. त्यात 'जागेवर असताना' असे शब्द असतील तर गाडीतला प्रवास उघडा राहिला.

आता चावऱ्या कुत्र्याचं. सांगा, आणि लेखी सांगा. विम्याचा करार दोन्ही बाजूंच्या प्रामाणिकपणावर चालतो. १७६६ च्या कार्टर विरुद्ध बोएम खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी हे तत्त्व मांडलं. कार्टर हा सुमात्रा बेटावरच्या एका किल्ल्याचा गव्हर्नर, किल्ला शत्रूच्या हाती पडेल या धोक्याचा त्याने विमा उतरवला होता. गंमत म्हणजे तो खटला जिंकला विमा घेणाराच. विमा देणाऱ्याला जे माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं ते मुद्दाम सांगितलं नाही म्हणून दावा नाकारता येणार नाही, असं ठरलं. पण एखादा ठरावीक कुत्रा शेजाऱ्याला चावलाय हे फक्त तुम्हालाच माहीत आहे. ते दडवलं तर ऐन वेळी तुमची बाजू लंगडी पडते. पॉलिसीत वगळलेल्या जातींची किंवा चावल्याचा इतिहास असलेल्या कुत्र्यांबद्दलची अट असेल तर तीही बघा. अनेक देशांत फक्त कुत्र्याचा मालकच नाही, तर त्या वेळी त्याला सांभाळणाराही कायद्याने जबाबदार धरला जातो.

शेवटी एक अट सांगतो, लोक तिच्यात नकळत अडकतात. जवळजवळ प्रत्येक दायित्वाच्या पॉलिसीत असतं की कंपनीला न विचारता जबाबदारी मान्य करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही.

पायखुणा

दादा, या शेवटच्या अटीचा मला मनापासून त्रास होतो. एखाद्याचं पिल्लू माझ्याकडे जखमी झालं आणि मी समोर उभी राहून वकिलासारखी बोलू? ते मला जमणार नाही.

जुना_सर्व्हेअर

तसं बोलायची गरजही नाही. आधी डॉक्टरकडे न्या, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. नुकसान वाढू न देणं हे उलट पॉलिसीतलंच तुमचं कर्तव्य आहे. पालकाला लगेच फोन करा, काय घडलं ते जसंच्या तसं सांगा. 'साडेअकराला टेबलावरून उडी मारली, मागचा उजवा पाय टेकवत नाही, आम्ही दवाखान्यात आहोत, मला फार वाईट वाटतंय.' हे सगळं म्हणा. 'चूक माझी, सगळा खर्च मी देते' एवढंच त्या क्षणी म्हणायचं नाही. घडलेलं सांगणं आणि दुःख व्यक्त करणं यावर बंदी नाही. त्याच दिवशी कंपनीला कळवा, पालक अजून काही म्हणाला नसेल तरी. उशिरा कळवलं म्हणून अडलेले दावे मी पुष्कळ पाहिले.

पायखुणा

हे वाक्य मी तसंच लिहून भिंतीवर लावते, आमच्या मुलींनाही पाठ करून घेते. धन्यवाद.

अबोली

मी फिरत्या गाडीतून ग्रूमिंग करते, मदतीला एक मुलगी असते. तिला चावलं तर कोणतं कलम? आणि मला स्वतःला चावलं तर?

पायखुणा

अबोली, तिला झालेली इजा दायित्वाच्या पॉलिसीत येत नाही, कर्मचारी ही 'तिसरी व्यक्ती' धरत नाहीत. त्यासाठी कर्मचाऱ्यांचा वेगळा विमा, आणि बऱ्याच ठिकाणी तो कायद्यानेच सक्तीचा असतो. ती पगारी नसून कामाप्रमाणे पैसे घेत असेल तर तिच्या हातून प्राण्याला झालेली इजा तुझ्या पॉलिसीत धरली आहे का तेही विचार. बदली म्हणून पाठवलेल्या माणसाचंही तसंच.

तुला चावलं तर यातली कुठलीच पॉलिसी नाही. मांजराचा दात बारीक असतो आणि खोल जातो, वरून जखम मिटते आणि जंतू आत राहतात. बोटाच्या सांध्याजवळ चावलं तर कित्येक दिवस कात्री धरता येत नाही. आपली कमाई हातांवर आहे, म्हणून अपघात आणि बुडालेल्या उत्पन्नाचा वैयक्तिक विमा वेगळा घे. गाडीतली टाकी, ड्रायर, टेबल यांचा विमा नव्याने घ्यायच्या किमतीवर काढ, जुन्या घसरलेल्या किमतीवर नको.

बोर्डिंगवाल्यांसाठी रकमेबद्दल एवढंच: मर्यादा दोन असतात, एका प्राण्यामागे आणि एका घटनेमागे. आग लागली, छत कोसळलं, तर एकाच रात्री सगळे प्राणी एकदम. म्हणून घटनेमागची मर्यादा ठरवताना सुट्टीच्या हंगामात जागा पूर्ण भरलेली असते त्या रात्रीचा हिशेब धरा, नेहमीच्या दिवसाचा नको. कुणाला पॉलिसीतलं एखादं कलम समजत नसेल तर नाव-नंबर झाकून इथे लिहा, मिळून वाचू.